किल्ली क्रमांक तेवीस

माणूस जनावरांपासून वेगळा झाला तो अग्नीमुळे नव्हे, चाकामुळेही नव्हे, तर कुलपामुळे, असं माझं अभ्यासान्ती बनलेलं मत आहे. जे आपलं आहे ते बंद करून ठेवावं आणि किल्ली खिशात टाकून निर्धास्त फिरायला जावं, ही कल्पना ज्या दिवशी कुणाच्या तरी डोक्यात आली त्या दिवशी संस्कृती सुरू झाली. हे मी परवा बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बाथरूमच्या दाराची कडी चार वर्षं मोडलेली आहे." हे खरं आहे. आमच्याकडे आत असलेल्या माणसाने गात राहायचं, अशी पद्धत पडली आहे. सासऱ्यांना गाता येत नाही, म्हणून ते आले की आतून बातम्या सांगतात.

तर सांगायचं आहे ते आमच्या वाचनालयाच्या सर्व्हरबद्दल. सर्व्हर म्हटल्यावर गारेगार खोली आणि लुकलुकणारे निळे दिवे तुमच्या डोळ्यांपुढे आले असतील, तर ते विझवा. आमचा सर्व्हर म्हणजे जुन्या पुस्तकांची बांधणी होते त्या मागच्या खोलीत, खळीच्या वासात, टेबलाखाली बसलेला एक संगणक. त्याला ग्रंथपालबाईंनी फुलाफुलांचा अभ्रा शिवून घातला आहे आणि अभ्र्यावर टाचणीने सूचना लावली आहे: 'हे यंत्र बंद करू नये. केल्यास पुस्तके दिसणार नाहीत.' पहिल्यांदा वाचणारा माणूस दचकून कपाटांकडे बघतो.

मी या वाचनालयाचा तांत्रिक सल्लागार आहे. एकदा प्रिंटर चालत नव्हता आणि कार्यकारिणीचे चार सदस्य त्याच्याभोवती आजारी माणसाभोवती उभं राहावं तसे उभे होते. मी भिंतीवरचं बटण दाबलं. माझी नेमणूक बिनविरोध झाली. पोटापाण्यासाठी मी विमा कंपनीत काम करतो. लोकांनी भरलेल्या अर्जांत चुका काढणं हे माझं काम, आणि त्यात माझा हात धरणारा आमच्या शाखेत कुणी नाही. ही माहिती पुढे उपयोगी पडेल. मला नाही, तुम्हाला.

बाईंनी अकरा वर्षं खपून अठरा हजार सहाशे चाळीस पुस्तकांची यादी त्या संगणकात घातली आहे. कुणीही घरबसल्या आमचं संकेतस्थळ उघडावं आणि हवं ते पुस्तक कपाटात आहे की कुणाच्या उशाखाली आहे, ते बघावं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एके दिवशी चिटणिसांच्या व्याह्यांनी, म्हणजे त्यांच्या लेकीच्या सासऱ्यांनी, आपल्या गावी बसून ते उघडलं. वर पत्त्याच्या शेजारी ब्राउझरने दोन शब्द लिहिले होते: 'सुरक्षित नाही'. व्याह्यांनी लगेच फोन केला.

"तुमची इमारत कधी पडेल असा अंदाज आहे?"

व्याह्यांच्या प्रश्नाला उत्तर नसणं ही काय अवस्था असते, हे ज्याला लेक आहे त्यालाच कळेल. चिटणिसांनी त्याच दिवशी वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत सहावा विषय घातला: 'असुरक्षित संकेतस्थळ बंद करून संगणक मोडीत काढणे.' सभा पुढच्याच्या पुढच्या रविवारी होती. दहा दिवस.

बाई मला हे सांगायला आल्या तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. बत्तीस वर्षं वाचनालयात काढल्यावर तो चढत नसावा.

"यादी गेलीच, तर जुन्या कार्डांवरून परत करता येईल ना?" मी म्हटलं.

"कार्डं रद्दीत गेली."

"कुणी घातली?"

"मीच. तुमच्या सांगण्यावरून. ठरावात शब्द आहेत तुमचे, 'कार्डांची अडगळ आता किती दिवस सांभाळायची.'"

म्हणजे संगणक गेला की कुठलं पुस्तक कुठे आहे, हे फक्त बाईंच्या डोक्यात उरणार होतं. आणि ते डोकं पुढच्या वर्षी निवृत्त होतं आहे.

"बाई, तुम्ही निश्चिंत राहा," मी म्हणालो. "एक सर्टिफिकेट बसवायचं. दोन तासांचं काम आहे."

एसएसएल सर्टिफिकेट म्हणतात त्याला. वाचक आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं कुणी मधल्यामध्ये ऐकू नये म्हणून ते कुलूपबंद करायचं, आणि शिवाय एखाद्या मान्यवर संस्थेने दाखला द्यायचा की हे वाचनालय म्हणजे तेच वाचनालय, दुसऱ्या कुणी त्याचं सोंग घेतलेलं नाही. आमच्या वाचनालयाचं सोंग घेऊन कुणाचं काय भलं होणार, असा प्रश्न मला पडला होता. पण सुरक्षेच्या बाबतीत असे प्रश्न विचारायचे नसतात.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने विचारलं, "दोन तास म्हणालात?"

"दोन तास."

"मग बहिणीला सांगते, या आठवड्यात येऊ नको."

ही बातमी गॅलरीतून शेजारी गेली. शेजारी निवृत्त अभियंते राहतात. हयात धरणांवर गेल्यामुळे त्यांना सगळे धरणवाले म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा.

"सुरक्षा म्हटली की पहिला प्रश्न पायाचा," धरणवाले म्हणाले. "पाया बघितलात?"

"काका, सर्व्हरला पाया नसतो."

"पाया नसतो तो फक्त पायाला. बाकी सगळ्याला असतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पाणसळ घेऊन वाचनालयात हजर झाले. टेबलावर पाणसळ ठेवली, एक डोळा मिटून बघितलं आणि टेबल अर्धा सूत कलल्याचं जाहीर केलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी पुठ्ठ्याची घडी करून टेबल उचललं. टेबलाबरोबर वायर उचलली गेली, आणि अठरा हजार सहाशे चाळीस पुस्तकं दिसेनाशी झाली. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी सूचनेकडे बोट केलं. धरणवाल्यांनी चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाले, "बरोबर आहे."

संगणक पुन्हा चालू झाला, पण त्याच्या आतला सेल संपलेला असल्यामुळे तारीख विसरून चालू झाला. त्याच्या मते सोळा वर्षांपूर्वीचा एक जानेवारी उजाडला होता. त्या हिशेबाने सभासदांनी घरी नेलेलं एकही पुस्तक अजून कुणी नेलंच नव्हतं. नवा सेल मिळवून बसवण्यात आणि यंत्राला वर्तमानकाळात आणण्यात तीन दिवस गेले. टेबल मात्र तेव्हापासून अगदी समपातळीत आहे, हे मान्य केलं पाहिजे.

मग मी अर्जाला बसलो. सर्टिफिकेट देणारी जी संस्था मी निवडली होती ती ते फुकट देते. ("फुकटचं प्रमाणपत्र म्हणजे शर्यतीत भाग घेतल्याचं," असं धरणवाले म्हणाले, पण आता त्यांना मागच्या खोलीत मज्जाव होता.) फक्त तिचा एक दंडक होता: आठवड्याला पाचच अर्ज. मला एक पुरेसा होता. अर्ज मराठीतून भरायची सोय होती, ती मी अभिमानाने स्वीकारली. दुसऱ्याच रकान्यात विचारलं होतं: 'सामान्य नाव'.

"बाई, आपलं सामान्य नाव काय?"

"नोंदणीतलं सांगू, की लोक म्हणतात ते?"

"सामान्य म्हणजे लोक म्हणतात तेच."

"टाकीखालचं वाचनालय."

मी ते स्वच्छ अक्षरात भरलं. तासाभराने उत्तर आलं की 'टाकीखालचं वाचनालय' या ठिकाणी आम्ही जाऊन आलो, तिथे कुणीही नाही. सामान्य नाव म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, हे त्या लोकांच्या भाषेत सगळ्यांना ठाऊक असतं. असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी त्याच्याभोवती लाल शाईने वर्तुळ काढून वर उद्गारचिन्ह दिलं असतं.

दुसऱ्या अर्जात पत्ता भरला, पण एक अक्षर गाळून. तिसऱ्या अर्जाला सर्टिफिकेट मिळालं, तेवढ्यात मला या कुलपासाठी यंत्रात तयार केलेली किल्ली अधिक मजबूत असावी असं वाटलं, म्हणून मी दुसरी केली; मग कुलूप एकीचं आणि किल्ली दुसरीची, असं झालं. चौथ्या खेपेला सगळं जुळलं. बुधवार होता. किल्ली म्हणजे सत्तावीस ओळींची अक्षरं आणि आकडे, मांजर कीबोर्डवर झोपल्यासारखी. सोबत जाड ठशात ताकीद होती: 'ही तुमची खासगी किल्ली आहे. कोणत्याही परिस्थितीत कोणालाही दाखवू नका.'

सर्टिफिकेट बसवलं. संकेतस्थळ उघडेना. बरंच वाचल्यावर समजलं की साधी वाहतूक यंत्राच्या ऐंशी नंबरच्या दाराने येते आणि कुलूपबंद वाहतूक चारशे त्रेचाळीस नंबरच्या. आणि आमचं ते दार राउटरमध्ये बंद होतं. राउटर व्हरांड्यातल्या लोखंडी पेटीत होता. पेटीला कुलूप होतं. किल्ली चिटणिसांकडे होती.

चिटणिसांच्या खोलीत किल्ल्यांचा फळा आहे. बावीस खुंट्या, प्रत्येकीखाली नंबर. बाराव्या खुंटीला 'हरवली' अशी चिठ्ठी लटकते, तीही नियमानुसार. मी पेटीची किल्ली मागितली. त्यांनी वहीत माझी सही घेतली, नऊ नंबरची किल्ली काढली, माझ्यापुढे धरली आणि सोडली नाही.

"नवीन कुलूप बसवताय म्हणे."

"एका अर्थी."

"किल्ली झाली?"

"झाली. मी स्वतः केली." इथे माझ्या आवाजात जो अभिमान उमटला तो टाळता आला असता.

"नियम सतरा," चिटणीस म्हणाले. "संस्थेच्या प्रत्येक किल्लीची एक प्रत चिटणिसांकडे."

"ही तशी नाही. ही खासगी किल्ली आहे."

चिटणिसांनी मोकळ्या हाताने चष्मा काढला. "संस्थेच्या मालमत्तेची किल्ली, आणि तुमची खासगी?"

"माझी नाही हो. सर्व्हरची खासगी."

"म्हणजे आपल्या टेबलाखालच्या संगणकाचं काहीतरी खासगी आहे, आणि ते संस्थेला माहीत नाही."

"तिचं नावच तसं आहे."

"नावाचं मला सांगू नका. मागचे कोषाध्यक्षही एका कपाटाची किल्ली खासगी आहे म्हणत होते. कपाट फोडल्यावर काय निघालं?"

"काय?"

"त्यांचा जेवणाचा डबा. सहा महिन्यांपूर्वीचा."

नऊ नंबरची किल्ली अजून त्यांच्याच चिमटीत होती. माझं संगणकाचं ज्ञान एका बाजूला आणि रविवारची सभा दुसऱ्या बाजूला. मी सत्तावीस ओळी छापल्या, पाकिटात घातल्या, पाकीट चिकटवलं, जोडावर सही केली आणि वर 'गोपनीय' लिहिलं. चिटणिसांनी फळ्यावर नवा खिळा ठोकला, पाकिटाला भोक पाडलं, दोरा ओवला आणि ते लटकवलं. किल्ली क्रमांक तेवीस.

तासाभरात दार उघडलं आणि संकेतस्थळावरचे ते दोन शब्द गेले. मी दीड दिवस विजयी होतो. हा काळ मी चांगला घालवला. ऑफिसात दोघांना न विचारता सल्ले दिले.

शुक्रवारी सकाळी चिटणिसांचा फोन आला.

"एकविसाव्या ओळीतलं तिसरं अक्षर एक आहे की इंग्रजी छोटा एल?"

"कुठल्या एकविसाव्या ओळीत?"

"किल्लीच्या. छापताना नीट उमटलं नव्हतं. मी शाईने गिरवलं."

"तुम्ही पाकीट उघडलंत?"

"आत काय आहे ते बघितल्याशिवाय नोंद कशी करणार?"

"आणि गिरवलंत कशासाठी?"

"सभेच्या सूचनेबरोबर मालमत्तेची यादी जाते ना सगळ्यांना. परिशिष्ट ब, किल्ल्या. काल संध्याकाळी ईमेल गेली. चुकीचं अक्षर गेलं असेल तर शुद्धिपत्रक काढतो."

सभासद चारशे बारा आहेत. मी फोन ठेवला तेव्हा गॅलरीतून धरणवाले डोकावत होते.

"किल्ली आली," ते म्हणाले. "वाचली. शेवटी शेवटी जरा पाल्हाळ झालाय."

बायकोने शांतपणे विचारलं, "आपल्या घराची नाही ना पाठवली कुणी?"

विम्याच्या भाषेत याला संपूर्ण हानी म्हणतात. किल्ली चारशे बारा घरांत गेल्यावर ते कुलूप म्हणजे निव्वळ शोभेची वस्तू. आता जुनं सर्टिफिकेट रद्द करायचं, नवी किल्ली करायची, नवा अर्ज करायचा. पाचपैकी चार अर्ज संपले होते. पाचवा चुकला तर रद्द सर्टिफिकेटसह सभेत उभं राहायचं. आणि तेव्हा पडद्यावर दोन शब्द येत नाहीत, लाल रंगाचं पानभर निवेदन येतं. व्याह्यांनी ते वाचलं असतं तर त्यांनी चिटणिसांच्या लेकीला माहेरी येऊच दिलं नसतं.

शनिवारी दुपारी मी मागच्या खोलीत खुर्ची ओढून बसलो आणि बाह्या सरसावल्या. बाई आल्या. त्यांच्या हातात एक कोरं कार्ड होतं. रद्दीतून वाचलेल्या गठ्ठ्यातलं. त्यावर त्यांनी बारीक अक्षरात नऊ पायऱ्या लिहून आणल्या होत्या. चार खेपा त्या माझ्या मागे उभ्या राहून बघत होत्या, हे मला तेव्हा कळलं.

"मी वाचते. तुम्ही करा आणि केलेलं मोठ्याने सांगा."

"मला येतं, बाई."

"चार वेळा आलं."

बाई वाचत गेल्या, मी करत गेलो. पत्त्याचं एकेक अक्षर मी शाळेतल्या मुलासारखं उच्चारलं आणि त्यांनी प्रत्येकावर पेन्सिलीने टिंब दिलं. पाचव्या पायरीला मला एक सुधारणा सुचली. "कार्डावर नाही ती," बाई म्हणाल्या, आणि मी ती केली नाही. चाळीस मिनिटांत सर्टिफिकेट आलं, बसलं, संकेतस्थळ उघडलं. दोन तासांचं काम आहे, हा माझा अंदाज मुळात उदारच होता.

"आता उद्या चिटणीस या किल्लीची प्रत मागणार," मी म्हणालो.

"मागू देत."

बाईंनी नवीन पुस्तकं दाखल करून घ्यायची जाडजूड वही काढली आणि नोंद केली. दाखल क्रमांक अठरा हजार सहाशे एक्केचाळीस. लेखक: अज्ञात. विषय: कुलपे. पृष्ठे: एक. शेरा: दुर्मीळ. केवळ संदर्भासाठी. बाहेर नेण्यास व छायाप्रत काढण्यास मनाई, नियम एकतीस.

रविवारी सकाळी चिटणीस दोरा आणि पाकीट घेऊनच आले. बाईंनी वही पुढे केली. त्यांनी नोंद दोनदा वाचली.

"लेखक अज्ञात?"

"यंत्राने लिहिलंय," बाई म्हणाल्या.

"भाषा?"

"अगम्य."

"आणखी कुणाकडे प्रत आहे?"

"जगात एकच आहे. आपल्याकडे."

चिटणिसांनी वही अलगद मिटली. आपल्या संस्थेकडे जगातली एकमेव प्रत असलेला ग्रंथ आहे, हे त्यांना मनापासून आवडलेलं दिसलं. नियम सतरा त्यांनी पुन्हा काढला नाही. दोरा खिशात ठेवला.

सभेला एकसष्ट जण होते. सहाव्या विषयाला मी उठलो, पडद्यावर संकेतस्थळ दाखवलं आणि थोडं थांबलो. टाळ्यांसाठी जागा ठेवली होती.

"काय बदललंय?" पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं.

"पूर्वी इथे 'सुरक्षित नाही' असं लिहिलेलं होतं."

"आता काय लिहिलंय?"

"आता काहीच लिहिलेलं नाही."

आजोबा बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. "म्हणजे दहा दिवस तुम्ही जे काही केलंत, ते हे?"

सभा माझ्याकडे बघत होती. माझ्यामागे बाई यादीतल्या अठरा हजार सहाशे चाळीस पुस्तकांसह बसल्या होत्या. नेमका शब्द धरणवाल्यांना सुचला.

"धरणावरसुद्धा 'हे फुटलेलं नाही' अशी पाटी नसते," ते मागून म्हणाले.

हे लोकांना पटलं. चिटणिसांनी तरीही, पुरावा असावा म्हणून, व्याह्यांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"व्याहीबुवा, आमचं संकेतस्थळ उघडा. काय दिसतंय?"

"पुस्तकं दिसताहेत."

"इमारतीबद्दल काही?"

"इमारतीबद्दल आता काही म्हणत नाहीये."

चिटणिसांच्या चेहऱ्यावर मी इतकं समाधान कधी पाहिलं नव्हतं. संगणक मोडीत काढण्याचा विषय त्यांनी स्वतः मागे घेतला. मात्र पहिल्या रांगेतले आजोबा बसायला तयार नव्हते. प्रमाणपत्र मिळालं असेल तर ते कुठेतरी दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आणि ते बरोबर होतं; सर्टिफिकेट, किल्लीसारखं नव्हे, जगाला दाखवण्यासाठीच असतं. मी आनंदाने होकार दिला. शेवटी एकमताने ठराव झाला: 'संस्थेस प्राप्त झालेले प्रमाणपत्र चौकटीत घालून दर्शनी भागी लावावे, व ते लावलेले असेपर्यंत ग्रंथसूची संकेतस्थळावर चालू ठेवावी.'

बाईंनी कागदावर ठरावाची भाषा दोनदा वाचून पाहिली आणि मान हलवली. जाताना मला म्हणाल्या, "बरं झालं." त्यांच्याकडून बत्तीस वर्षांत कुणाला याहून जास्त मिळाल्याचं ऐकिवात नाही.

चौकट तयार आहे. सागवानी आहे, काच चांगली आहे. अनावरण अध्यक्षांच्या हस्ते व्हावं असं ठरलं, आणि ते बरेच दिवस बाहेरगावी असल्यामुळे त्यांच्या सोयीची पहिली तारीख सभेपासून ब्याण्णवाव्या दिवशीची मिळाली. निमंत्रणं छापून झाली आहेत.

सर्टिफिकेटची मुदत नव्वद दिवसांची असते.